सुतार पक्ष्यानं निंबाला भोक पाडलंय, झाड तोडावं का? आणि त्याची मान दुखत नाही का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: हद्दवाढीत तुमचा भाग नगरपरिषदेत आला, शेजारच्या वावरात लेआउट पडलं, प्लॉटच्या कडेचा जुना निंब अर्धा वाळला आणि आता त्याच्या खोडावर सुतार पक्षी टोचतोय. झाड घरावर येईल म्हणून घरचे तोडायला सांगताहेत.

तोडू नका. ठणठणीत लाकडात घर कोरायच्या भानगडीत सुतार सहसा पडत नाही. कधीतरी फांदी मोडली असेल किंवा सरपणासाठी कोणी कुऱ्हाड मारली असेल, त्या जखमेतून बुरशी शिरली आणि गाभा मऊ झाला. पक्षी त्यानंतर आलाय. झाड पडेल की नाही ते भोकाकडे बघून कळत नाही, बुंध्याकडे बघा. बुडाशी भूछत्रं उगवलीत का? एका बाजूची माती उचलली गेली आहे का, तिथं भेग दिसते का? लेआउटचा रस्ता काढताना जेसीबीनं त्या बाजूची मुळं तोडली का? यातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर मात्र जाणत्या माणसाला बोलावून झाड दाखवा. आमच्याकडं मृगाच्या आधीच्या वादळात आडवे होणारे निंब बहुतेक असे मुळं छाटलेलेच असतात, आणि नाव सुताराचं होतं.

घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या उतरवून घ्या, भोक असलेलं खोड उभं ठेवा. वरचं ओझं गेलं की वाऱ्याला धरायला फारसं काही उरत नाही.

आता पक्षी कोणता ते ओळखा. पाठ सोनेरी पिवळी, डोक्यावर लाल तुरा आणि उडताना खिंकाळल्यासारखा आवाज असेल तर तो सोनपाठी सुतार. अंगावर काळे-पांढरे ठिपके, कपाळ पिवळं आणि आकारानं लहान असेल तर मराठा सुतार, आपल्या बाभळी-निंबाच्या रानातला नेहमीचा. घर कोरताना तो अर्धा आत जातो, नुसती शेपटी बाहेर दिसते. मग उलटा फिरतो आणि चोचीत धरलेला भुसा बाहेर फेकतो. बुंध्याशी ताज्या कपच्या पडल्या असतील तर काम चालू आहे समजा. काड्या, पिसं असलं अंथरूण तो घालत नाही, तळाला राहिलेल्या भुशावरच पांढरी अंडी घालतो. बहुतेक वेळा भोक झुकलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला असतं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. सोनपाठीची अंडी साधारण ११ दिवसांत उबतात आणि पिल्लं पुढच्या २० दिवसांच्या आसपास बाहेर पडतात. फेब्रुवारी ते जुलै हा त्यांचा काळ. तेवढ्यात छाटणी नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घरटं मोडणं, अंडी नासवणं हेसुद्धा शिकारीतच धरलं आहे. शिवाय आता तुम्ही नगरपरिषदेत आलात, म्हणजे झाड तोडायला १९७५ च्या राज्याच्या झाडं जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल. अर्ज आधी करा, कुऱ्हाड नंतर.

गावं वाढतात तशी झाडं कमी होतातच असं नाही, पण म्हातारी झाडं नक्की कमी होतात. धुऱ्यावरच्या बाभळी जातात, रस्ता रुंद करताना चिंचा आणि निंब जातात. लेआउटमध्ये लावलेली शोभेची रोपं हिरवी दिसतात, पण त्यांना ढोली व्हायला कित्येक वर्षं जावी लागतात. त्यातल्या त्यात गुलमोहर बरा, लाकूड मऊ, लवकर सडतो, म्हणून सुतार आणि तांबट त्यावर आनंदानं राहतात. (ज्या कारणानं माणसं त्याला शिव्या घालतात, त्याच कारणानं.) सुतार पुढच्या विणीला बहुतेक नवं घर कोरतो. जुनं घर साळुंकी, पोपट, दयाळ, पिंगळा यांच्या उपयोगी पडतं, यांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही. साळुंक्या आणि पोपट तर चालू घरातूनही त्याला हुसकून लावतात, आणि ढोल्या कमी पडल्या की ही भांडणं वाढतात.

मानेचं विचारलंत. कवटीत धक्का शोषणारी गादी असते असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. २०२२ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी तीन जातींच्या सुतारांचं अतिवेगवान चित्रण करून तपासलं, तर तसं काही आढळलं नाही. कवटी हातोड्यासारखी ताठच असते. धक्का शोषला असता तर घावाचा जोरच कमी झाला असता. मेंदू लहान आणि हलका, म्हणून त्याला तो धक्का सोसतो. मान एकटी राबत नाही, पायांची पकड आणि खोडाला टेकवलेली कडक शेपटी यांचा तिला आधार असतो.

तुमची मान ताणून बघण्यानं दुखत असेल तर दुर्बीण घेऊन झाडापासून लांब, खुर्चीत टेकून बसा. एवढं करूनही दुखलीच, तर फिजिओथेरपिस्टकडं जा. हातानं सांधे हळूहळू मोकळे करणं आणि सोबत रोजचा व्यायाम, याचा उपयोग होतो. नुसत्या दाबून घेण्याचा आराम मात्र फार टिकत नाही. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कटकन मोडून घ्यायची आपल्याकडं हौस आहे, ती सोडा. अशा झटक्यानं क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल वाटत असेल, तर मालिश वगैरे काही न करता आधी डॉक्टरला दाखवा.