टीव्हीवर गरिबांवरचे माहितीपट दाखवणं योग्य आहे का?

तुम्ही विचारलंय, गरिबांवर टीव्हीसाठी माहितीपट करणं म्हणजे त्यांच्या दुःखाचा बाजार मांडणं नव्हे का, आणि तसं असेल तर ते बंदच करावेत का.

बंद करू नयेत, असं मला वाटतं. पण आमच्या घरात एकदा कॅमेरा येऊन गेलाय, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी. मी आठवीत होते तेव्हा एका वाहिनीची माणसं विडी कामगार बायकांवर कार्यक्रम करायला आली. आई ठेवणीतली साडी नेसून बसली होती, ती त्यांनी बदलायला लावली. आमच्या टीव्हीवर चादर टाकली. मला म्हणाले, दप्तर आत ठेव आणि आईशेजारी सूप घेऊन बस. आईनं मला तंबाखूला कधी हात लावू दिला नव्हता. तरी मी बसले, कारण मोठी माणसं सांगत होती. कार्यक्रमात मी शाळा सुटलेली मुलगी झाले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात होते, आणि तो कार्यक्रम सगळ्यांनी पाहिला होता.

आई तेलुगूत भरभरून बोलली होती. पान रात्री कसं भिजवायचं, हजार विड्यांना किती तास लागतात, या मजुरीवर दोन पोरी कशा शिकवल्या. यातलं शेवटचं गाळलं. राहिलं ते कारखान्यात छाट फार काढतात हे वाक्य. छाट म्हणजे तपासताना खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या, त्यांचे पैसे मिळत नाहीत. पुढचे कितीतरी दिवस आईची छाट वाढलेली होती. वाहिनीची माणसं तेव्हा दुसऱ्या गावात दुसरा कार्यक्रम करत असतील. शूटिंगच्या दिवशी तिच्या निम्म्याच विड्या झाल्या, त्याची भरपाई द्यावी हेही कुणाला सुचलं नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ब्रिटनमध्ये 2014 साली चॅनल फोरवर ‘बेनिफिट्स स्ट्रीट’ ही मालिका आली, बर्मिंगहॅममधल्या जेम्स टर्नर स्ट्रीटवर सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या लोकांची. तिथल्या काही रहिवाशांचं म्हणणं होतं की आम्हाला शेजारधर्माबद्दलची मालिका आहे असं सांगितलं होतं. भरपूर तक्रारी झाल्या, पण प्रसारण नियामक ऑफकॉमला नियमभंग आढळला नाही. म्हणून नुसत्या संमतीच्या कागदावरच्या सहीवर माझा विश्वास नाही. आईनंही सही केली होती. आपलं काय दाखवणार आहेत हे तिला ठाऊक नव्हतं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो बिचारेपणाचा. याच बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुठे सोलापूरजवळच्या कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत 2006 मध्ये उभी राहिली. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार धरणारा कायदा 1966 साली झाला होता. मजुरी कोण ठरवतं, छाटीचा हिशेब कोण ठेवतं, हे विचारत कॅमेरा कारखान्याच्या दारापर्यंत गेला असता तर आईची फरफट वाया गेली नसती. तो आमच्या चुलीपाशीच थांबला.

तुम्ही स्वतः असं काही करणार असाल तर प्रसारणाआधी त्या माणसाला त्याच्या भाषेत सगळं दाखवा, आणि नको म्हणायची मुभा शेवटपर्यंत ठेवा. मुलांचे चेहरे दाखवूच नका.

गेल्या वर्षी एक कॉलेजातला मुलगा आमच्याकडे आला होता. आई आता विड्या वळत नाही, शेजारची मावशी वळते. तिचं बोलणं त्यानं टिपलं आणि दोन आठवड्यांनी लॅपटॉप घेऊन परत आला. आम्ही तिघी जमिनीवर बसून पाहिलं. मावशीनं एकच वाक्य काढायला सांगितलं, तेच, छाटीचं. म्हणाली, “मला उद्या तिथंच जायचंय रे बाळा.” त्याच्या फिल्ममधलं ते सगळ्यात बोलकं वाक्य होतं. त्यानं आमच्यासमोरच ते काढलं, आणि पुन्हा सुरुवातीपासून लावून दाखवलं.