मीटिंगला जायचे आहे, पण कोणत्या?

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून कोथरूडला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. गेल्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले. पाच महिने दारूला शिवलो नाही, मग एका लग्नात घसरलो आणि आठवडाभर पीत राहिलो. डॉक्टरांच्या मदतीने पुन्हा थांबून आज १९ दिवस झाले. केंद्रातून निघताना ‘मीटिंग सोडू नका’ असे बजावले होते, पण मी एकदाही गेलो नाही. पुण्यात मीटिंगा नेमक्या कुठे होतात, ते कसे शोधावे? काही मीटिंगा चर्चमध्ये होतात असे ऐकतो. तेथे धर्माचा काही आग्रह असतो का? शिवाय ओळखीचे कोणी भेटले तर काय करावे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : घसरल्यानंतर आपण डॉक्टरांकडे गेलात, हे योग्य केलेत. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे त्रास संभवतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. तो टप्पा दवाखान्याचा असतो. त्यापुढचे दिवस मात्र मीटिंगच्या आधाराने काढणे सोपे जाते.

आपण ज्या मीटिंगविषयी विचारता त्या बहुधा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’च्या असाव्यात. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, अशा दारूने पोळलेल्या दोघांपासून सुरू झाली. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. फी नाही, अर्ज नाही, आडनावही कोणी विचारत नाही. खर्चासाठी शेवटी पिशवी किंवा टोपली फिरते, तीत नव्या माणसाने काही टाकलेच पाहिजे असे नाही. चर्चचे म्हणाल, तर तेथील खोली परवडणाऱ्या भाड्यात मिळते म्हणून घेतलेली असते. एए कोणत्याही धर्मपंथाशी बांधलेली नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, परंतु तो ज्याला जसा उमगला तसा, असेच तेथे म्हटले आहे. देव न मानणारी माणसेही गटात वर्षानुवर्षे टिकलेली आहेत.

पत्ता शोधण्याची सर्वांत खात्रीची वाट म्हणजे ज्या केंद्रात आपण उपचार घेतलेत तेथे फोन करणे. तेथून बरे होऊन गेलेले कोणी ना कोणी आपल्या भागातल्या गटात असतेच आणि पहिल्या दिवशी सोबतही करते. घसरल्यामुळे तोंड दाखवायला संकोच वाटत असेल, तर तो बाजूला ठेवावा. असे फोन तेथे नित्याचे आहेत. येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करत आहे आणि उपचारानंतरच्या पाठपुराव्याला तेथे उपचाराइतकेच महत्त्व दिले जाते. वनाजहून येरवड्यापर्यंत आता मेट्रोही जाते. याखेरीज व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे. एएच्या संकेतस्थळावर गावोगावच्या मीटिंगांची यादी असते, मात्र जागा आणि वेळा बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी गटाच्या क्रमांकावर विचारून घ्यावे. मीटिंग मराठीत असते की इंग्रजीत, आणि ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हेही तेव्हाच विचारावे. क्लोज्ड मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेले बसतात. ओपनला पत्नीला बरोबर नेता येते.

गट निवडताना बहुतेक जण ‘चांगला कोणता’ असे विचारतात. माझ्या मते ‘किती वाजता’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे. कंपनीच्या बसमधून उतरल्यावर आपली पावले पूर्वी ज्या वेळी परमिट रूमकडे वळत, त्याच वेळेची मीटिंग आपल्याला हवी. पाळी बदलते म्हणून एकाच गटावर विसंबू नये. सकाळची एक आणि संध्याकाळच्या दोन अशा तीन जागा माहीत करून ठेवाव्यात. एखाद्या गटात मन रमले नाही, तर दुसरा पाहावा, पण तो निर्णय पाच-सहा वेळा बसल्यानंतर घ्यावा. पहिल्या दिवशी सगळेच अवघडतात, आणि चहाचा कप हातात येईपर्यंत निघून जावेसे वाटते.

ओळखीचे भेटण्याची शक्यता आहेच, पुणे त्या बाबतीत फार मोठे नाही. पण जो भेटेल तोही त्याच कारणासाठी आलेला असेल, आणि कोण आले, काय बोलले हे बाहेर न नेण्याचा दंडक तेथे सर्वांवर असतो. तरीही मन धजत नसेल, तर सुरुवात नदीपलीकडच्या गटात करावी. अनेक जण तसेच करतात. बोलण्याची सक्ती नसते. नुसते नाव सांगून ‘आज ऐकतो’ म्हटले तरी चालते. घसरण लपवू नये, दिवस नव्याने मोजावेत. गटात ‘फक्त आजचा दिवस’ हे शब्द वारंवार कानावर पडतील.

पत्नीविषयी आपण काही लिहिलेले नाही. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन नावाचे स्वतंत्र गट चालतात. आपण मीटिंगला जा अथवा न जा, त्यांना तेथे जाता येते. तो पत्ताही त्याच फोनवर विचारून घ्यावा. आपली पहिली पाळी ज्या आठवड्यात असेल, त्या आठवड्यातल्या पहिल्याच संध्याकाळी सुरुवात करावी, आणि शक्य असल्यास घरी न जाता थेट जावे.