सिस्टरबाईंना विचारा : ‘मी बरा आहे’ म्हणजे नक्की कसा?

प्रश्न : सिस्टरबाई, नमस्कार. माझा धाकटा चोवीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षीपासून आफ्रिकेत, मलावीत मिशनच्या कामावर गेलाय. खेड्यातली शाळा, रविवारी उपासना, बाकी दिवस सायकलवर घरोघरी. सहा महिन्यांत त्याला तीनदा मलेरिया झाला. विचारलं की म्हणतो, “आई, इथे सगळ्यांनाच होतो. मी बरा आहे.” मलेरिया होऊ नये म्हणून रोज घ्यायची डॉक्सिसायक्लिनची गोळी छातीत जळजळते म्हणून सोडलीय, हे त्याच्या बहिणीकडून कळलं. व्हिडिओ कॉलवर गाल बसलेले दिसतात. त्याच्या बाबांना मागे मलेरिया झाला तेव्हा क्लोरोक्वीनने तीन दिवसांत उठून बसले होते, तीच पाकिटं पाठवू का? आणि एक, हसू नका. घरी कधी इस्त्रीला हात न लावलेला हा मुलगा तिथे बनियनलासुद्धा इस्त्री करतो म्हणे. डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला? हे म्हणतात परत बोलव. पाळकसाहेब म्हणतात प्रार्थना करा.
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, इस्त्रीपासून सुरू करते, कारण तेवढी एक गोष्ट तो अगदी बरोबर करतोय. तिकडे पुत्झी नावाची माशी असते. दोरीवरच्या ओलसर कपड्यांवर ती अंडी घालते, अळी कातडीत शिरते, आणि काही दिवसांनी गळू येतं. त्यात काहीतरी वळवळतं. मी 1985 ते 88 मलावीतल्या एका मिशन हॉस्पिटलात नर्स होते, तेव्हा माझ्या कमरेवर अशी दोन होती. वॉर्डातल्या आयाबाईने वर व्हॅसलीन थापलं. श्वास कोंडल्यावर अळी वर आली, तशी तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबून काढली. त्यानंतर मी परकराच्या नाडीलाही कोळशाची इस्त्री केलेली आहे.

क्लोरोक्वीन मात्र पाठवू नका. यजमानांना झाला तो बहुधा व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया. आपल्याकडे त्याला ते औषध अजून लागू पडतं. तिकडचा बहुतेक सगळा फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूत जाणारा. आम्ही दर रविवारी उपासनेहून आलो की क्लोरोक्वीनची कडू गोळी गिळायचो. ती निकामी होत गेली आणि 1993 साली मलावीने ती सोडली, आफ्रिकेत सगळ्यात आधी. आता आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन देतात. मोठ्या माणसाला चार-चार गोळ्या, तीन दिवसांत सहा वेळा, एकूण 24. पण दुसऱ्या दिवशी ताप उतरला की तरणी पोरं उरलेल्या गोळ्या ‘पुढच्या वेळेला’ म्हणून डब्यात ठेवतात. तुमच्या मुलाच्या तीनांतला एखादा मलेरिया आधीचाच, अर्धवट राहिलेला असेल अशी मला शंका आहे. शिवाय ही गोळी तेलतुपाच्या खाण्याबरोबर घेतली तरच नीट अंगी लागते. त्याचं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, दोन्ही वेळा. सराफ्यात भुट्ट्याच्या किसासाठी ताटकळणारा आपला मुलगासुद्धा मक्याला कंटाळतो तो तिथेच. काही पाठवायचंच असेल तर लसूण घालून कुटलेली दाण्याची चटणी पाठवा.

जळजळीचं सांगते. डॉक्सिसायक्लिन घोटभर पाण्याबरोबर घेऊन आडवं झालं की गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते. जेवताना, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर तासभर आडवं व्हायचं नाही. तरी त्रास झाला तर तिथल्या डॉक्टरांकडून दुसरी गोळी मागावी. नुसती सोडून देऊ नये.

आता ‘मी बरा आहे’. हे वाक्य मी निळ्या एरोग्रामवर दर पंधरा दिवसांनी लिहायचे. वजन तेव्हा 52 वरून 43 वर आलं होतं. सेवा करायला आलो आणि आपणच रोग्याची खाट अडवून बसलो, याची लाज वाटते हो. कोणी काही बोलत नाही, आपल्यालाच वाटते. माझ्या आईला कळलं ते एका फोटोवरून. घड्याळ मनगटावरून घसरायचं म्हणून मी ते कोपराच्या जरा खाली बांधायला लागले होते. उत्तरात तिने तब्येतीचं अक्षर लिहिलं नाही. फक्त विचारलं, “घड्याळ कुठे बांधतेस?” ते पत्र घेऊन मी मेट्रनकडे गेले.

म्हणून ‘कसा आहेस’ हा प्रश्न बंद करा. पट्ट्याला नवं भोक पाडलंस का, डब्यात किती गोळ्या उरल्यात, ताप आला तेव्हा बोट टोचून तपासणी केली की नुसताच मलेरिया धरून चाललास, मच्छरदाणी कुठे फाटलीय, असं विचारा. टायफॉइडही तिथे असतो, प्रत्येक तापाला मलेरिया म्हणायचं नाही. आणि त्याच्यासोबत राहणाऱ्याचा नंबर घेऊन ठेवा. सारख्या उलट्या, गुंगी, धाप किंवा कोलासारखी काळी लघवी झाली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल, हे त्या सोबत्यालाही माहीत पाहिजे. आजारी माणसाला स्वतःचं कळत नाही.

परत बोलवायचं म्हणाल तर मी आज बोलावणार नाही. पण सहा महिन्यांत तीनदा हे हसण्यावारी न्यायचं नाही. पाळकसाहेबांना म्हणावं, प्रार्थना आम्ही करतोच, तुम्ही मिशनच्या तिथल्या जबाबदार माणसाला पत्र लिहा. तुमच्या शब्दाला वजन आहे. दोन आठवडे शहरात विश्रांती, हिमोग्लोबिनची तपासणी आणि सायकलच्या फेऱ्या निम्म्या, एवढं मागा. ऐकलं नाही तर तिकीट काढा, मी तुमच्या बाजूने आहे. तो कधीही आला तरी इंदूरच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात ‘मलावीहून आलोय’ सांगायचं, नाहीतर डेंग्यूच्या तपासण्यांत दोन दिवस जातात. तळ्यात पोहला असेल तर तेही सांगायचं. तिथल्या पाण्यात बिल्हार्झिया नावाच्या कृमिरोगाचे जंतू असतात.

फोन रात्री नऊला लावा. तिथे तेव्हा साडेपाच वाजतात, अंधार पडायच्या बेतात असतो. आधी गोळ्या मोजून घ्या, मग चटणी मिळाली का ते विचारा.