फुप्फुसं नसलेला सॅलमँडर जगतो कसा

दोन गोष्टी विचारल्यात तुम्ही, पोराच्या पुस्तकातला बिनफुप्फुसाचा सॅलमँडर (दिसायला पालीसारखा, शेपटीवाला, पण बेडकाच्या जवळचा ओल्या कातडीचा प्राणी) श्वास कसा घेतो आन् बांधावर दगडाखाली चकचकीत पालीसारखं जे दिसलं ते तेच का. दुसरं आधी सांगतो, ते नाही. ती सापसुरळी असणार, अंगावर खवले असतात, हाताला कोरडी लागते, फुप्फुसं चांगली धडधाकट. मराठवाड्यात सॅलमँडर नाहीच, भारतात तो दार्जिलिंग आणि ईशान्येकडच्या डोंगरात आहे आणि त्यालाही फुप्फुसं आहेत.

बिनफुप्फुसवाल्यांच्या जवळपास 500 जाती, म्हणजे जगातल्या सॅलमँडरपैकी निम्म्याहून जास्त. बहुतेक अमेरिकेत, थोडे इटलीकडं, आणि कोरियातली एक जात तर 2005 ला जगाला कळली.

आता श्वास. पाऊस पडला की काळ्या मातीतून गांडूळ वर येतंय ना, त्याला फुप्फुसं कुठायत, कातडीवरच चालतं सगळं, तसंच ह्याचं. हवेतला ऑक्सिजन आधी कातडीवरच्या ओलाव्यात विरघळतो मग खालच्या बारीक रक्तवाहिन्यांत जातो, कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेनं बाहेर. तोंडाच्या आणि घशाच्या आतल्या अस्तरातूनही हेच होतं, म्हणून त्याचा गळा सारखा हलताना दिसतो. पण कातडी वाळली की श्वास संपला. म्हणून दिवसा ओल्या पाल्याखाली, लाकडाखाली दडून बसायचं आन् रात्री किंवा पावसात बाहेर पडायचं. आपल्या एप्रिलच्या उन्हात तो टिकूच शकत नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की अंड्यातल्या पिल्लात फुप्फुसाचा कोंब फुटतो आणि नंतर जिरून जातो. पूर्वजांना फुप्फुसं होती त्याची खूण अजून शिल्लक आहे. आणि फुप्फुसात हवा ढकलायचं काम गेल्यामुळं घशाची हाडं-स्नायू मोकळे झाले, त्यावर काही जातींची जीभ इतक्या झटक्यात बाहेर येते की किड्याला हलायला वेळच मिळत नाही.

पोराला हे डोळ्यानं दाखवायचं असेल तर मृगात विहिरीकाठचा बेडूक दाखवा. त्याला फुप्फुसं आहेत, पण कातडीनंही तो श्वास घेतो, आन् उन्हाळ्यात मातीत गाडून पडतो तेव्हा ती कातडीच लै कामाला येते. धरायचाच तर हात आधी साध्या पाण्यानं ओले करा, साबण लावलेला हात नको. आणि सोयाबीनची फवारणी झाल्यावर पंप विहिरीपाशी धुऊ नका, जी कातडी ऑक्सिजन आत घेते तीच औषधही आत घेते.