‘अर्जेंटाफिन’ आणि ‘अर्जायरोफिल’ : दोघांना एकच ‘रजतस्नेही’ चालेल का?

प्रश्न आतड्यातल्या संप्रेरक-पेशींचे वर्णन करणाऱ्या या दोन संज्ञांच्या मराठी रूपांतराबद्दल आहे. उत्तर : चालणार नाही. घोळ मुळातच आहे, कारण एक शब्द लॅटिन, दुसरा ग्रीक, पण दोन्हींचा शब्दार्थ ‘चांदीची ओढ असलेला’ हाच. व्युत्पत्ती इथे मदतीला येत नाही; प्रयोगशाळेतली कृती पाहावी लागते.

अर्जेंटाफिन पेशी चांदीच्या क्षाराचे स्वतःच क्षपण करते, म्हणजे क्षारातून धातुरूप चांदी मोकळी करते, आणि काळी पडते. मॅसन-फोंटाना या रंजन-पद्धतीत अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट दिले की पुरते. अर्जायरोफिल पेशी चांदी फक्त धरून ठेवते. ती दिसायला बाहेरून क्षपणक द्यावा लागतो. ग्रिमेलिअस पद्धतीत हायड्रोक्विनोन आणि सोडियम सल्फाइट वापरतात ते याचसाठी. म्हणून पहिलीला ‘रजतक्षपक’ आणि दुसरीला ‘रजतग्राही’ म्हणावे. रजतक्षपक पेशी सहसा रजतग्राहीही ठरते, उलट मात्र दरवेळी होत नाही.

रजतक्षपक पेशीत हे क्षपण घडते ते तिच्यातल्या सेरोटोनिन या संप्रेरकामुळे, तेही ऊतक टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनशी संयोग झाल्यावर. ऊतक अल्कोहोलमध्ये स्थिर केले तर सेरोटोनिन विरघळून जाते आणि पेशी असूनही दिसत नाही. उलट मेलॅनिन आणि लिपोफ्यूसिन ही रंगद्रव्येही काळी पडतात, तेव्हा प्रत्येक काळा ठिपका म्हणजे संप्रेरक-पेशी नव्हे. काचसामान नळाच्या पाण्याने धुतले तर क्लोराइडमुळे साका बसतो; ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. आणि अमोनियायुक्त चांदीचे द्रावण साठवू नये, त्यात स्फोटक संयुग तयार होते.

निरनिराळ्या प्राण्यांबद्दल लिहिताना शब्दांची ही काळजी जास्तच लागते. सस्तन प्राण्यांच्या आतड्यात रजतक्षपक पेशी सहज सापडतात. काही अस्थिमत्स्यांत मात्र आतड्यातले सेरोटोनिन पेशींऐवजी चेतातंतूंत असते. तिथे ‘रजतस्नेही पेशी नाहीत’ असे लिहिले की वाचक ‘संप्रेरक-पेशीच नाहीत’ असे समजतो. प्रत्यक्षात इतर संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी तिथे असतातच. सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या पेशी तर ग्रिमेलिअसलाही सहसा दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी प्रतिपिंडांची चाचणीच हवी.

जाता जाता : आतड्यातल्या या सेरोटोनिन-पेशींचे दुसरे नाव ‘एन्टेरोक्रोमॅफिन’; त्याचे ‘आंत्रवर्णस्नेही’ असे रूपांतर करू नये. त्यातला ‘क्रोम’ रंगाचा नव्हे, क्रोमियमच्या क्षारांचा आहे. ‘आंत्र-क्रोमॅफिन पेशी’ हेच बरे.