कॅज्युअल्टीतील परिचारिका आणि जीवरक्षणाचा सराव : वाचकांचे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील आपत्कालीन विभागांत काम करणाऱ्या परिचारिकांच्या पत्रांपैकी चार प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे.

प्रश्न : बीएलएसचे (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याचे प्रशिक्षण) माझे प्रमाणपत्र दोन वर्षे चालणार आहे. तरीही आमच्या मेट्रन दर तीन महिन्यांनी पुतळ्यावर सराव करायला लावतात. रात्रपाळी करून पुन्हा हे कशासाठी? (स्टाफ नर्स, जुळे सोलापूर)

मेट्रन बरोबर आहेत, मात्र रात्रपाळी संपल्यावर सराव ठेवणे मलाही पटत नाही. तो पाळी सुरू होताना दहा मिनिटे, विभागातच व्हावा. दोन वर्षे ही मुदत कागदाची आहे. हाताला बसलेली सवय काही महिन्यांतच सैल होते आणि ती सैल झाल्याचे आपले आपल्याला कळत नाही, हीच यातली अडचण आहे.

प्रौढ रुग्णाची छाती किमान 5 सेंटिमीटर, पण 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, इतकी दाबली गेली पाहिजे. वेग मिनिटाला 100 ते 120 असावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, कारण हृदयात रक्त भरते ते छाती वर येताना. सरावात सर्वाधिक लक्ष दाब मध्येच थांबतात त्या खंडांवर ठेवावे. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतील दाब सलग काही दाबांनंतर हळूहळू चढतो आणि हात उचलताच कोसळतो, म्हणून कोणताही खंड 10 सेकंदांपेक्षा लांबू नये.

मोजणीबद्दल एक निरीक्षण सांगतो. श्वास देण्यासाठी थांबण्याआधीचे तीस दाब मराठीत मोजताना ‘एकोणीस’, ‘सत्तावीस’, ‘एकोणतीस’ असे लांब शब्द येतात आणि त्यांच्याबरोबर हातही रेंगाळतात. त्याऐवजी एक ते दहा तीनदा मोजावे. आपल्याकडे एकाच पाळीत मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या सिस्टर असतात. मोठ्याने मोजायचे कोणत्या भाषेत, हेही सरावातच ठरवून टाकावे.

प्रश्न : माझे वजन पंचेचाळीस किलो आहे आणि आमच्या ट्रॉल्या उंच आहेत. छाती पुरेशी दाबली जात नाही असे सहकारी म्हणतात. काय करू? (परिचारिका, बार्शी)

ट्रॉली खाली घ्यावी. ती खाली होत नसेल तर पायाखाली स्टूल घ्यावे आणि ते ट्रॉलीच्या कडेला कायम ठेवलेले असावे. हात छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) खालच्या अर्ध्या भागावर ठेवावेत, कोपरे ताठ आणि खांदे तळहातांच्या बरोबर वर असावेत, म्हणजे दंडाच्या ताकदीऐवजी कमरेपासून वरचे सगळे वजन कामाला येते. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, दमल्यासारखे वाटत नसले तरी. दाबाची खोली कमी होऊ लागते ती थकवा जाणवण्याच्या आधीच.

सहकाऱ्यांनी गादीकडेही पाहावे. मऊ गादीवर आपण दाबतो त्यातला काही भाग गादीच खाते. पाठीखाली फळी सरकवता येत असेल तर सरकवावी, परंतु त्यासाठी दाब थांबवून शोधाशोध करू नये. हवेची गादी असेल तर तिची हवा सोडावी.

प्रश्न : नातेवाईक सांगत होते की पेशंट श्वास घेतोय. मलाही तोंडाची हालचाल दिसली, म्हणून डॉक्टर राउंडवरून येईपर्यंत मी थांबले. माझे चुकले का? (आपत्कालीन विभाग, खासगी रुग्णालय)

ही गल्लत अनुभवी माणसांचीही होते. हृदय थांबल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत रुग्ण मासा तडफडावा तसे अधूनमधून तोंड उघडून आचके देऊ शकतो. तो श्वास नव्हे. रुग्ण हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नेहमीसारखा नसेल तर मानेतील नाडी 5 ते 10 सेकंद पाहावी आणि ती खात्रीने लागली नाही तर मदतीसाठी ओरडून दाब सुरू करावेत. त्यासाठी डॉक्टरांच्या आदेशाची वाट पाहू नये. एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारे यंत्र) जवळ असेल तर तो लगेच लावावा, कारण शॉक द्यायचा की नाही हे ते यंत्रच सांगते. परिचारिकेने सुरुवात करावी, हे रुग्णालयाने लेखी स्वरूपात ठरवून ठेवावे असा आग्रह मात्र धरा. पेचाच्या वेळी कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये.

प्रश्न : उजनीच्या पाण्यातून काढलेले मूल आमच्याकडे आणले होते. हल्ली नुसती छाती दाबली तरी चालते, असे ऐकले आहे. ते खरे का? (परिचारिका, माढा)

तो सल्ला रस्त्यावर अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी, अप्रशिक्षित माणसाला दिलेला आहे. बुडालेल्या मुलाचे हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे, तेव्हा तिथे सुरुवात श्वासाने करावी. अ‍ॅम्बू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) प्रत्येक श्वास सुमारे एक सेकंद, छाती जेमतेम उचलेल इतकाच द्यावा. जोराने आणि भराभर दाबलेली बॅग छातीतील दाब वाढवून हृदयाकडे परतणारे रक्त अडवते. मुलाजवळ दोघी असाल तर 15 दाबांना 2 श्वास हे प्रमाण ठेवावे. तान्ह्या बाळाची नाडी दंडाच्या आतल्या बाजूस पाहावी आणि दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी सुमारे 4 सेंटिमीटर दाबावे. मुलाला पालथे घालून पोट दाबण्याचा किंवा उलटे धरण्याचा प्रकार कॅज्युअल्टीच्या दारात अजूनही पाहायला मिळतो. तो नम्रपणे, पण तत्काळ थांबवावा; त्यातून येते ते बहुतेक पोटातले पाणी, आणि ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो.