पावसाळ्यातले चार कुर्ते

प्रश्न : माझी उंची पाच फूट, बांधा भरलेला. कोथरूडहून शिवाजीनगरला स्कूटरने ऑफिसला जाते. पावसात कपडे खराब होतात म्हणून जुनेच घालते आणि दिवसभर गबाळं वाटत राहतं. थोडेच, पण वर्षभर चालतील असे काय घेऊ?

उत्तर : ताई, जुने कपडे आधी बाजूला ठेवा. पावसाळा चार महिने असतो, तेवढे दिवस मन मारून कशाला राहायचं?

लेगिंग्ज नकोत, भिजल्या की पायाला चिकटतात. घोट्याच्या वर संपणारी, गडद रंगाची सरळ पँट घ्या. चिखलाचे शिंतोडे दिसत नाहीत. कुर्ता गुडघ्याच्या जरा वर थांबू द्या आणि रंग पँटच्या जवळचा ठेवा: गडद निळ्यावर निळा, मातकटावर विटकरी. मधे रंग तुटला नाही की उंची जास्त भासते. माझीही उंची तेवढीच आहे, त्यामुळे हे अनुभवाने सांगते. पांढरं मलमल ऑक्टोबरसाठी राखा, ओलं झालं की पारदर्शक होतं. रेयॉन ओलं झालं की जड होऊन लोंबतं.

लक्ष्मी रोडवर कापड घेताना दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन बघा. सुती असेल तर शिवायच्या आधी रात्रभर भिजवा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

आणि एक खणाचं बिनबाह्यांचं जॅकेट शिवाच. डिसेंबरच्या सकाळी त्याच कुर्त्यांवर शोभेल. ओढणी मात्र स्कूटरवर नको, चाकात अडकते.